पांढरी रुई आणि त्रेचाळीस अळ्या

बडोदे,
रविवार, ८ डिसेंबर

प्रिय विश्राम,

‘प्रिय’ लिहिलंय ते पत्राची सुरुवात तशी करायची असते म्हणून. नळाला पाणी येत नाही अशी तक्रार करतानाही मी वरच्या साहेबांना ‘माननीय’ लिहिते. त्याहून जास्त अर्थ त्यातून काढू नकोस. आणि हे पत्र जेवताना वाचू नकोस. तुला ठसका लागतो आणि मग पाठीवर थापटायला कोणीतरी लागतं.

एकोणीस दिवसांत तू मला कितीतरी फोन केलेस. दोनदा घराच्या फाटकाशी येऊन उभा राहिलास. दोन्ही वेळा मी बागेतल्या रमणभाईंना ‘बेन घरी नाहीत’ असं सांगायला पाठवलं आणि दोन्ही वेळा मी खिडकीतच उभी होते. मी तुला पाहिलं, तू मला पाहिलंस, आणि मान खाली घालून निघून गेलास. फाटकाला कडी नव्हती. ते ढकलून आत यायचं, खिडकीखाली उभं राहून ‘सुनेत्रा, खाली ये’ म्हणायचं, यात काय अवघड होतं? पण तसं केलं असतंस तर तू विश्राम कसला. फोनवर तू ‘हं’ म्हणतोस आणि समोर बसलास की चष्मा पुसतोस. पत्राला हं म्हणता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

अकरा नोव्हेंबरला आपण दोघांनी जाऊन विवाहनोंदणीची नोटीस दिली. एकोणीस डिसेंबरला सही करायची आहे. पुण्याला नीरजानं धाकट्या बहिणीच्या हक्कानं साडी घेऊन ठेवली आहे. छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा लग्नाला उभी राहणारी बहीण रोज रोज मिळत नाही, असं म्हणाली. मी एकोणीस तारखेला येणार की नाही, एवढंच तुला हवं आहे, मला माहीत आहे. ते मी शेवटी लिहिणार आहे. शेवटचं पान आधी उघडायची तुला सवय आहे, ती आज जरा आवर. इतके दिवस तू मला ताटकळत ठेवलंस, आता चार पानं तूही ताटकळ.

नीरजाच्या मुलीच्या साखरपुड्याला मी गुरुवारी निघाले आणि सोमवारी परत आले. मंगळवारी सकाळी सातला नेहमीप्रमाणे बागेत गेले. पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तू ते ऐकलेलं नाहीस. कोपऱ्यातली पांढरी रुई तिथं नव्हती. माझ्या खांद्याला लागणारं झाड, आणि त्याच्या जागी वीतभर खुंट. कापलेल्या तोंडावर चीक वाळून काळपट झाला होता. मी रमणभाईंना हाक मारली. शनिवार-रविवार ते गावी गेले होते, म्हणजे तेवढं तू नीट पाहून ठेवलं होतंस. ते कमरेवर हात ठेवून खुंटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बेन, ऊंट मेले आकडो, ने बकरी मेले कांकरो.” उंट सगळं खातो, रुई तेवढी सोडतो, आणि बकरी खडे सोडून काहीच सोडत नाही. म्हणजे बकरी आली असणार. मी म्हटलं, रमणभाई, बकरी विळ्यानं खात नाही.

मग मी खाली बसले. मुंग्या पिवळे तांदूळ ओढून नेत होत्या. मातीत एक सुपारी होती. खुंटाला हळदीत बुडवलेल्या सुताचे वेढे होते आणि त्यावर कुंकू. कोणीतरी करणी केली असं रमणभाईंना वाटलं आणि ते चार पावलं मागे सरकले. मग माझं लक्ष भिंतीलगतच्या लहान जांभळ्या रुईकडे गेलं. गुडघ्याएवढं रोप, मोजून तीसेक पानं. त्याच्यावर अळ्याच अळ्या. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, आणि पानं संपून देठ उरलेले. मी मोजल्या. त्रेचाळीस. माझी वही तुला ठाऊक आहे. गुरुवारी निघण्याआधीची नोंद अशी: पांढरीवर एकेचाळीस, जांभळीवर दोन.

झाड तोडायच्या आधी त्याच्यावरच्या एकेचाळीस अळ्या एकेक करून वेचायच्या आणि शेजारच्या झाडावर नेऊन ठेवायच्या, हे बकरी करत नाही. चोर करत नाही, करणी करणारा तर मुळीच नाही. अख्ख्या बडोद्यात हे करणारी दोनच माणसं आहेत. त्यातली एक त्या शनिवारी पुण्यात पेढे वाटत होती. आणि बागेच्या दोनच किल्ल्या आहेत. त्या क्षणी मला कळलं, विश्राम, की तो तू होतास.

तू काय केलंस ते सांगू? तुला वाटलं असेल, अळ्या वाचवल्या. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., तीही प्रथम वर्गात, पुढं सगळी नोकरी रिफायनरीचा हरितपट्टा सांभाळण्यात गेली, आणि तीस पानांच्या रोपावर त्रेचाळीस अळ्या. एका अळीला कोशात जाईपर्यंत किती पानं लागतात ते तू बागेत आलेल्या विद्यार्थ्यांना सांगितलेलं आहेस, माझ्यादेखत. मी ॲक्टिव्हा काढली आणि करजणच्या रस्त्याला लागले. हायवेच्या कडेनं रुई माजलेली असते. छप्पन्न वर्षांची बाई चिकानं हात बरबटवून पिशवीत पानं भरते आहे, हे बघायला दोन ट्रकवाले थांबले. असं मी अकरा दिवस केलं. त्रेचाळीसातल्या सव्वीस कोशात गेल्या. बाकीच्या सतरा तुझ्या दयाळूपणानं मेल्या. जीव वाचवायचा म्हणून उचलायचा, दुसरीकडे नेऊन ठेवायचा आणि तिथं तो जगणार कशावर हे बघायचंच नाही. हा तुझा स्वभाव आहे आणि मी तो आज पहिल्यांदा बघत नाहीये.

ती रुई तूच आणली होतीस, हे विसरला नसशीलच. दोन वर्षांपूर्वी मुदतीआधी निवृत्ती घेऊन तू बडोद्याला परत आलास आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या बागेत हजर झालास. फत्तेगंजच्या त्या वसतिगृहामागची ओसाड जागा मी सात वर्षं खपून उभी केली होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण मला सांगत होता की बेन, गुलाब लावा, शेवंती लावा, हा आकडो कशाला. मी सगळ्यांना तेच सांगायची. गुलाबावर फुलपाखरू नुसतं फोटोपुरतं बसतं, आणि रुईवर ते अंडी घालतं. आपल्याच मातीतलं झाड, पाणी मागत नाही, खत मागत नाही, तोडलं तरी मुळापासून फुटतं. त्याचा कडू चीक खाऊन अळी मोठी होते आणि मग ते केशरी फुलपाखरू असं कडू होतं की पक्षी एकदा तोंडात धरून थुंकून टाकतात. त्याचं नावच कडवा. तू ऐकून घेतलंस, चष्मा पुसलास आणि दुसऱ्या दिवशी पादऱ्याहून, तुझ्या थोरल्या बहिणीच्या, अहल्याताईंच्या परसातून, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं पांढऱ्या रुईचं मूळ स्कूटरवर पायांशी ठेवून घेऊन आलास. लोक गुलाब आणतात. तू मुळी आणलीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं की मी या माणसाशी लग्न करणार, आणि कळलंही होतं.

शनिवारी मारुतीला माळ करायची म्हणून बायका पानं मागायला यायच्या तेव्हा मी जांभळीची अकरा पानं द्यायची आणि पांढरीला हात लावू द्यायची नाही. एकीला मी चांगलंच झापलं होतं आणि तू म्हणाला होतास, देऊन टाक गं, देवाचं आहे. मी म्हटलं होतं, हे माझं आहे.

सूत, अक्षता आणि सुपारी. माझ्या वडिलांचे काका गोविंदराव संस्थानाच्या दफ्तरात होते. त्यांच्या दोन बायका एकापाठोपाठ गेल्या. तिसरीही जाते असं म्हणत, म्हणून तिसरं लग्न त्यांचं रुईशी लावलं. रुईला सूत गुंडाळलं, कुंकू लावलं, मंगलाष्टकं म्हटली आणि मग ती तोडून टाकली. म्हणजे तिसरी झाली आणि मेलीही. मागून आलेली काकूआजी हिशेबानं चौथी ठरली आणि सुटली. मी लहान असताना ती खूप म्हातारी होती. तिच्याबरोबर रस्त्यानं जाताना कडेला रुई दिसली की ती थांबून हात जोडायची आणि म्हणायची, माझी थोरली सवत आहे, माझ्या वाटणीचं हिनं भोगलं. आम्ही पोरं हसायचो. तुला ही गोष्ट मीच सांगितली होती, कमाटीबागेच्या बाकावर शेंगा खाताना. तूही हसला होतास. फक्त तू जरा उशिरा हसलास, ते मला आत्ता आठवतं आहे.

रुईशी लग्न तिसऱ्या खेपेला लावतात, विश्राम. दुसऱ्या खेपेला नाही.

मी त्या खुंटापाशी बसून बोटांवर मोजत होते. यशश्री एक. तीन वर्षं किडनीच्या आजारानं झिजली, ते तू मला सगळं सांगितलंस, मी तुझ्याबरोबर रडलेही. एक यशश्री. मग माझ्याआधी दुसरी कोण? नोटिशीच्या अर्जात एक रकाना होता. अविवाहित, घटस्फोटित, विधुर, यातलं काय ते लिहा. तू विधुर लिहिलंस. खोटं काहीच नाही. एकदा विधुर की दोनदा, हे सरकार विचारत नाही. मीही विचारलं नाही. रिफायनरीतली मथुरेची वर्षं कशी गेली असं मात्र मी विचारलं होतं, आणि तू म्हणालास, एकटाच होतो, मेसचं खायचो, विशेष काही नाही. विशेष काही नाही, असं तू एका बाईबद्दल म्हणालास.

मला राग कशाचा आला ते नीट ऐक, कारण तू उगीच भलत्याच गोष्टीची माफी मागशील. दोनदा लग्न केलंस याचा नाही. माणसं करतात, करावीत. रूढी पाळलीस याचाही नाही. तेरा तारखेलाच आपण दोघांनी माझ्या अंगणात तुळशीचं लग्न लावलं, अंतरपाट तूच धरला होतास, आणि उसाचं कांडं कोणी खायचं यावरून आपण भांडलो होतो. झाडाचं लग्न लावायला माझी ना नव्हतीच. पण ते माझ्यादेखत. रुई माझ्या बागेतली, तेव्हा कन्यादान मी करायला हवं होतं. तू तुळशीचा अंतरपाट धरलास आणि तीनच दिवसांनी, मी गाडीनं पुण्याला गेल्याचं बघून, चोरासारखा माझ्याच किल्लीनं माझ्या बागेत शिरलास.

हे तू पहिल्यांदा केलेलं नाहीस. एक्क्याण्णव साली प्रयोगशाळेत रुईचा चीक माझ्या डोळ्यात उडाला होता. तू मला नळाखाली धरून वीस मिनिटं डोळा धुतलास. तू सारखा म्हणत होतास, दिसतंय का, दिसतंय का. दिसत होतं. त्यानंतरची दोन वर्षं आपण काय होतो हे वर्गातल्या बाकांनाही माहीत होतं. आणि मग एक दिवस मला पोस्टानं तुझ्या लग्नाची पत्रिका आली. पोस्टानं! दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसानं तिकीट लावलं. वडिलांनी ठरवलं होतं, तू मूग गिळून बसलास, आणि मला सांगायचं काम पोस्टमनवर सोपवलंस. मी तेव्हा म्हटलं होतं, विश्राम वाईट नाही, भित्रा आहे. तीस वर्षं त्या एका वाक्यावर मी तुला माफ करत आले. या वेळीही मी तेच धरून चालले होते. ताईंनी भरीला घातलं असेल, गुरुजींनी घाबरवलं असेल, आणि तू नाही म्हणू शकला नसशील. म्हणून मी मागच्या शनिवारी भांडायला पादऱ्याला गेले. तुझ्याशी भांडून उपयोग नव्हता, म्हणून ताईंशी.

अहल्याताई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. ‘बस ने,’ म्हणाल्या आणि अर्ध्या शेंगा माझ्यापुढे ढकलल्या. मी सगळं तोंडपाठ करून गेले होते. पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं. त्या सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी नको म्हणत होते गं. सुनेत्राला विचार, ती हसेल फार तर, असं शंभरदा सांगितलं. तोच म्हणाला, ताई, दोघींना मी पोचवून आलो. तिसरीला नाही पोचवायचं.”

मग त्यांनी मला दुसरीचं नाव सांगितलं. शिवांगी. मथुरेला शाळेत शिकवायची. कोर्टात लग्न झालं, चौदा महिने संसार झाला, आणि चार दिवसांच्या तापानं गेली. यशश्रीचं तीन वर्षं चाललं, तेव्हा मनाची तयारी झाली होती. हिच्या वेळी सकाळी तिनं चहा केला आणि चौथ्या दिवशी घरात कोणी नव्हतं. तिच्याबद्दल तू कुणाशीच बोलला नाहीस. ताईंना फोनवर दोन वाक्यं सांगितलीस, तेवढीच. बडोद्यातल्या दोन गुरुजींनी तुला समजावून परत पाठवलं, आता हे कोणी करत नाही म्हणाले. करजणचे तिसरे तू स्वतः शोधून आणलेस, स्वतः स्कूटरवर बसवून. म्हणजे तुला कोणी भरीला घातलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तू एखादी गोष्ट स्वतःहून ठरवलीस आणि तडीला नेलीस, आणि ती ही.

ताईंनी आणखी एक सांगितलं. मुहूर्त टळत होता, गुरुजी चिडले होते, आणि तू मातीत बसून अळ्या वेचत होतास. तासभर. गुरुजी म्हणाले, अहो, किडे आहेत. तू म्हणालास, तिच्या वहीत लिहिलेले आहेत. मग विळा हातात घेतल्यावर तुझ्याच्यानं झाड तोडवेना. ताई म्हणाल्या, राहू दे रे. तेव्हा तू त्यांना सांगितलंस की रुई मुळापासून फुटते, ताई, ती काही खरी मरत नाही, आणि डोळे मिटून विळा घातलास. वा रे वा. म्हणजे तिसरी मरायलाही हवी आणि मरायलाही नको. देवाला फसवायचं, झाडाला फसवायचं, सुनेत्राला तर फसवायचंच, आणि आपण अळ्या वेचून पुण्य मिळवायचं.

आणि तो मरून रंगाचा स्वेटर. मागच्या हिवाळ्यात त्याची बाही उसवली होती. मी विचारलं, कुठून घेतलास, टाके हातचे दिसतात. तू म्हणालास, मथुरेच्या बाजारातून. मी माझ्या हातानं, त्याच रंगाची लोकर तीन दुकानं हिंडून आणून, ती बाही सांधून दिली. ताईंना मी सहज विचारलं आणि त्यांनी मान हलवली. शिवांगीनं विणलेला. त्या दुपारी मी पादऱ्याच्या बस स्टँडवर बसून रडले, हे तुला कळलेलं बरं. तुझ्यासाठी नाही, स्वतःसाठीही नाही. त्या बाईनं विणलेलं मी सांधलं, आणि ती होती हेसुद्धा तू मला कळू दिलं नाहीस. एक बाई चौदा महिने तुझ्यासाठी सकाळी उठून चहा करत होती आणि तिला तू मेसची खिचडी करून टाकलंस. उद्या मी गेले तर माझं काय करशील? कुणी विचारलं तर म्हणशील, बडोद्याला एकटाच होतो, विशेष काही नाही.

तुझी भीती मला कळते. मी दगड नाही. पण ती माझ्या जिवाबद्दलची भीती आहे, विश्राम, आणि जीव माझा आहे. माझी साखर वाढलेली आहे, डावा गुडघा गेला आहे, मी हेल्मेट न घालता करजणच्या रस्त्याला जाते. मला मरायला तुझ्या पत्रिकेतले ग्रह लागत नाहीत. तू मला वाचवायला निघालास आणि मला विचारलं नाहीस. माझ्यापुढे एक झाड उभं केलंस, ते कापलंस, आणि समजलास की आता हिला काही होत नाही. मी त्या झाडाच्या आड लपून तुझ्या घरात येणार नाही. त्या खुंटाकडे बघत मी इतके दिवस हेच ठरवत होते, की तुला कायमचं नाही कसं कळवायचं. नोटीस मागे घ्यायची काय पद्धत असते, तेही विचारून आले होते.

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. काल सकाळी पहिलं फुलपाखरू कोशातून बाहेर आलं, पंख वाळवत बसलं, आणि ते उडून कुठं जातं बघायला मी वळले तर खुंटाच्या बुडाशी तीन कोंब होते. बोटाएवढे, पांढुरक्या लवेचे. दुपारपर्यंत दुसऱ्या कुठल्या फुलपाखरानं त्यातल्या एका कोंबावर अंडंही घातलं. म्हणजे तुझी तिसरी जिवंत आहे. तुझंच शास्त्र धरलं तर एकोणीस तारखेला तुला लग्न करता येत नाही, आणि माझं धरलं तर तुझं तिसरं लग्न अजून व्हायचं आहे. मी माझं धरते. पुढच्या रविवारी, पंधरा तारखेला, सकाळी सातला बागेत ये. किल्ली तुझ्याकडेच आहे, मी ती परत मागितलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसणार. विळा आणू नकोस. तो मरून स्वेटर घालून ये, आणि त्या खुंटापाशी बसून मला शिवांगीबद्दल सांग. ती काय शिकवायची, चहात आलं घालायची की नाही, त्या चार दिवसांत काय झालं. तुला वेळ लागला तर मी थांबेन, मला थांबायची सवय आहे. भीत भीत आलास तरी चालेल, फक्त ती भीती माझ्यापासून लपवून आणू नकोस. ते कोंब आपण वाढू देऊ, त्यांना कोणी हात लावणार नाही, आणि एकोणीसला सही करू. त्यानंतर मी किती दिवस जगेन ते आपल्याला माहीत नसेल. कुठल्याच नवराबायकोला ते माहीत नसतं. हे जमणार नसेल तर किल्ली घराच्या फाटकातून आत टाक आणि जा, मी खिडकीत उभी राहणार नाही. पण सुरक्षित चौथी व्हायला मी येणार नाही. जिच्यासाठी तू इतका घाबरलास, तिच्याच जागी मला उभं राहायचं आहे.

तुझीच, आणि झाले तर तिसरीच,
सुनेत्रा